कर्नल मेडोज टेलर : वऱ्हाडचा अधिकारी व ‘ठगा’चा कर्ता

सुट्टीच्या दिवसांत मुलांच्या हातीं कोणतीं पुस्तकें दिसतात, याकडे आम्ही नेहमीं लक्ष देत असतों. इतिहास, चरित्र, काव्य यांपेक्षां हेरांच्या, चोरांच्या व खुनांच्या कथांनाच मागणी अधिक असते. हें पाहून पुष्कळ पालकांच्या कपाळास आठ्या पडतात आणि असलीं पुस्तकें मुलांना वाचूं द्यावीं कीं नाहीं, असा प्रश्न ते शिक्षकांस विचारतात. हा प्रश्न आजचा नव्हे. सुमारें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं अशाच एका पुस्तकानें सारी विलायत वेडी करून सोडली होती, आणि त्या पुस्तकाविषयींचा वाद अजूनहि मिटलेला नाहीं. नवल असें कीं, त्या पुस्तकांतील कथा आपल्या अमरावतीवरून, एलिचपुरावरून व मंगरूळवरून जाते, आणि त्याचा कर्ता कांहीं महिने आपल्याच वऱ्हाडांत बुलढाण्यास अधिकारी होता. पुस्तकाचें नांव ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’, म्हणजे एका ठगाची जबानी. आणि कर्त्याचें नांव कर्नल फिलिप मेडोज टेलर. त्यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस माहीत असावें, आणि तें सांगतां सांगतां असल्या पुस्तकांचें वाचन कसें करावें याचाहि थोडा विचार व्हावा, या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

टेलर यांचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजीं इंग्लंडांतील लिव्हरपूल येथें झाला. वडील व्यापारी होते. परंतु व्यापारांत त्यांस यश आलें नाहीं, आणि घरची स्थिति खालावली. त्यामुळें मुलाचें शिक्षण लवकरच संपलें. मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या पेढींत जागा आहे, पुढें भागीदारीहि मिळेल, अशा आशेवर १८२४ सालीं या मुलास जहाजावर बसवून देण्यांत आलें. त्या वेळीं त्यास सोळावें वर्षहि पुरें झालें नव्हतें. मुंबईस पोंचल्यावर पाहतात तों पेढी बुडण्याच्या बेतास आलेली! परक्या मुलुखांत, ओळखदेख नसलेल्या शहरांत त्या मुलाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना आमच्या दहावींतील विद्यार्थ्यांनीं करून पाहावी. सुदैवानें मुंबई सरकारांत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एका आप्तानें खटपट केली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस टेलर यांस हैदराबादच्या निजामाच्या फौजेंत अधिकाऱ्याची जागा मिळाली.

येथून पुढें त्यांचें सारें आयुष्य दक्षिणेंत गेलें. कंपनीच्या नोकरींत नसल्यामुळें बढतीचा मार्ग अरुंद होता. वशिला नाहीं, पैसा नाहीं, शाळेचें शिक्षणहि अपुरें. अशा वेळीं स्वतःच्या कष्टावांचून दुसरा आधार नसतो, हें त्या मुलानें ओळखलें. औरंगाबादच्या छावणींत कवाईत संपल्यावर इतर तरुण अधिकारी शिकारींत व खेळांत वेळ घालवीत, तेव्हां टेलर मुनशीस बोलावून धडे घेत. हिंदुस्थानी व फारसी ते शिकले, मराठीहि शिकले. दुभाष्याच्या आडून लोकांचें गाऱ्हाणें ऐकणें त्यांस आवडत नसे. पुढें मुलकी व पोलिसी काम त्यांजकडे आलें, तेव्हां या भाषाज्ञानाचा त्यांस फार उपयोग झाला. गांवचा पाटील, बाजारांतला वाणी, रस्त्यावरचा यात्रेकरू, कोणाशींहि ते त्याच्याच बोलींत बोलत. पुस्तकी विद्वत्ता नसतांहि पुढें त्यांच्या लेखणीस जें वजन आलें, त्याचें मूळ येथें आहे.

त्या काळच्या रस्त्यांचें चित्र आज डोळ्यांपुढें आणणें कठीण आहे. मुंबईहून नागपूरपर्यंत आगगाडी १८६७ मध्यें आली. तत्पूर्वीं वऱ्हाडांतला कापूस बैलांच्या पाठीवरून दूर मिर्झापुरापर्यंत जात असे. सावकारांची रोकड, यात्रेकरूंचे जथे, रजेवर घरीं निघालेले शिपाई, सारेच पायीं किंवा तट्टावरून मजल दरमजल करीत. सोबत मिळाली कीं प्रवाशास हायसें वाटे. याच विश्वासावर ठगांचा धंदा चाले. ते गोडबोले सोबती बनून प्रवाशांत मिसळत, त्यांच्याबरोबर दिवसचे दिवस चालत, जेवत, गाणीं गात. आणि ठरलेल्या जागीं, ठरलेल्या खुणेसरशी, रुमालाच्या फासानें सर्वांचा एकदम गळा आवळीत. खूण म्हणजे तमाखू किंवा पान आणण्याविषयींचें एखादें साधें वाक्य असे. प्रेतें पुरण्यासाठीं खड्डे अगोदरच खणलेले असत. त्यांची स्वतःची एक गुप्त भाषा होती. तिला रामसी म्हणत. प्रवाशास भुलवून आणणारा सोठा, फास टाकणारा भुरतोट, खड्डा खणणारा लुघाई, टेहळणी करणारा तिलहाई, अशी कामांची वांटणीहि होती. तेव्हां हेरगिरीच्या कथेंत लागणारें सर्व साहित्य, म्हणजे वेषांतर, संकेत, गुप्त भाषा, विश्वासघात, हें येथें प्रत्यक्ष जीवनांतच हजर होतें.

टेलर यांच्या ताब्यांतील मुलुखांतहि अशीं पुरलेलीं प्रेतें सांपडूं लागलीं. तरुण टेलर यांनीं तपासाचा एक धागा हातीं धरला; परंतु तेवढ्यांत त्यांस पलटणींत परत बोलावण्यांत आलें आणि धागा सुटला. ठगांचा छडा लावण्याचा मान उत्तरेकडे कॅप्टन स्लीमन यांस मिळाला. याची हळहळ टेलर यांस जन्मभर वाटत राहिली. स्लीमन यांची रीत अशी होती, कीं पकडलेल्या ठगास फांशी माफ करून माफीचा साक्षीदार करावयाचें, आणि त्याच्या तोंडून त्याच्या सोबत्यांचीं नांवें काढावयाचीं. एकाच्या जबानीवरून दहा, दहांवरून शंभर, अशी धरपकड झाली. १८३६ सालीं केवळ ठगांच्या टोळींत असल्याबद्दलहि जन्मठेप देणारा कायदा करण्यांत आला. निजामाच्या मुलुखांत हें काम कॅप्टन रेनल्ड्स यांजकडे होतें. १८३२ च्या सुमारास टेलर यांनीं त्यांस मदत केली. दिवसेंदिवस बसून त्यांनीं माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या ऐकल्या. अमीर अली नांवाचा एक ठग तर अत्यंत सुस्वभावी, सभ्य, वागण्यांत अदबशीर. आणि तोच शेंकडों खुनांची हकीकत थंडपणें सांगत असे. हा विरोध टेलर यांच्या मनांत रुतून बसला.

त्यांनीं आधीं या विषयावर एक लहानसा लेख लिहून विलायतेस पाठविला. पुढें तापानें अंथरुणास खिळले असतां वेळ घालविण्यासाठीं त्यांनीं मोठें पुस्तक लिहावयास घेतलें. प्रकृति सुधारण्याकरितां १८३८ मध्यें ते रजेवर मायदेशीं गेले, आणि १८३९ सालीं लंडनच्या बेंटली या प्रकाशकानें ‘एका ठगाची जबानी’ तीन भागांत प्रसिद्ध केली.

कथेचा सांगाडा साधा आहे. तुरुंगांतला अमीर अली एका साहेबास स्वतःची कहाणी सांगत आहे. लहानपणीं त्याच्या आईबापांना ठगांनीं मारलें. इस्माईल नांवाच्या ठगास पोराची दया आली. त्यानें त्यास मुलगा मानून वाढविलें आणि वयांत येतांच आपला धंदा शिकविला. पहिल्याच मोठ्या सफरींत ही टोळी मध्यप्रांतांतून दक्षिणेस हैदराबादकडे निघते. आणि आपल्या ओळखीचीं नांवें पानोपानीं येऊं लागतात. व्यापाराच्या गजबजाटानें भरलेली अमरावती, एलिचपूर म्हणजे आजचें अचलपूर व तेथील रहमानशहांचा दर्गा, हजरत हयात कलंदरांचें मंगरूळ. या सर्व जागा अमीर अलीच्या डोळ्यांनीं वाचकास दिसतात. पुढें तो पेंढाऱ्यांत मिसळतो, सरदारी थाटानें राहतो, लग्न करितो, संसार करितो. त्याच्या हातून सातशें एकोणीस खून झाल्याचें तो सांगतो. त्यांत एक खून असा आहे कीं, त्याचें स्वरूप कळल्यावर वाचकाचेंहि अंग थरारतें. कारण अजाणतां आपल्या सख्ख्या बहिणीचाच गळा त्यानें आवळला होता, हें गळ्यांतल्या ताइतावरून त्यास फार उशिरा कळून येतें. ज्या विश्वासघातावर त्यानें आयुष्य उभारलें, तोच फिरून त्याच्या घरावर आला. साहेब मध्यें फारसें बोलत नाहीं, उपदेश करीत नाहीं, तो ऐकतो. पुस्तकाची खरी ताकद या ऐकण्यांत आहे.

पुस्तकाचें स्वागत कल्पनेपलीकडे झालें. राणी व्हिक्टोरिया यांस तर संपूर्ण पुस्तक छापून होईतों धीर निघेना. छापखान्यांतून जसजशीं पानें निघत, तसतशीं तीं त्यांजकडे पाठविण्याची व्यवस्था करावी लागली. ज्या मुलाच्या वडिलांचा व्यापार बुडाला होता, तो आतां लंडनच्या बड्या घरांतून मेजवानीस जाऊं लागला. बहुतेक वाचकांनीं तें पुस्तक कादंबरी म्हणून वाचलेंच नाहीं. हिंदुस्थान असाच आहे, तेथील रस्ते असेच आहेत, तेथील हसऱ्या चेहऱ्यांमागें असेंच कांहीं लपलेलें असतें, अशी त्यांची समजूत झाली. टेलर यांनीं एका माणसाची कहाणी लिहिली, आणि वाचकांनीं तींत एक अख्खा देश वाचला. ‘ठग’ हा आपला शब्द पुढें इंग्रजी भाषेंत कायमचा जाऊन बसला. दुसऱ्या बाजूनें, एवढ्या पापी माणसास लेखकानें इतकें गोड कां बनविलें, असाहि आक्षेप येण्यासारखा होता. अमीर अलीची भीति वाटावी तों त्याची कींव येते, आणि कींव करावी तों पुन्हां अंगावर कांटा येतो. वाचकास एकाच भावनेवर स्थिर बसूं न देणें हा पुस्तकाचा दोष कीं गुण, याविषयीं तेव्हांपासून आजतागाईत मतभेद आहेत.

रजा संपवून टेलर १८४० मध्यें परत आले. लंडनच्या टाइम्स पत्राचे बातमीदार म्हणून ते १८५३ पर्यंत हिंदुस्थानची हकीकत कळवीत असत. कीर्तीनें त्यांची नोकरी मात्र बदलली नाहीं. त्यांचें लग्न पूर्वींच, १८३२ मध्यें, हैदराबादचे नांवाजलेले सावकार विल्यम पामर यांच्या कन्या मेरी यांच्याशीं झालें होतें. पामर यांची आई मुसलमान खानदानांतील होती. त्यामुळें टेलर यांच्या घरांत दोन्ही देशांचें रक्त व रीतिरिवाज एकत्र नांदत होते. १८४४ मध्यें मेरी वारल्या. टेलर यांनीं पुन्हां लग्न केलें नाहीं.

१८४१ सालीं त्यांस कृष्णा व भीमा या नद्यांच्या दुआबांतील शोरापूर संस्थानांत पाठविण्यांत आलें. हें बेरड राजांचें लहानसें संस्थान. राजा मरण पावला होता, वारस व्यंकटप्पा नाईक हा लहान मूल होता, राणी ईश्वरम्मा व दरबारी यांच्यांत तंटे माजले होते, आणि खजिना रिकामा होता. टेलर यांनीं दहा-बारा वर्षें तेथें कारभार पाहिला. कर्ज फेडलें, रस्ते केले, तलाव बांधले, गोळीबारावांचून बंडें मिटविलीं. फुरसतीच्या वेळीं त्या भागांतील अतिप्राचीन दगडी थडग्यांचीं मापें व चित्रें त्यांनीं काढलीं. दक्षिणेंतील पुराणवस्तूंच्या अभ्यासांत या कामाचें नांव आजहि निघतें. बाळराजा त्यांस आप्पा म्हणत असे. १८५३ मध्यें राजा वयांत येतांच राज्य त्याच्या स्वाधीन करून टेलर तेथून निघाले.

त्याच वर्षीं निजामानें फौजेच्या खर्चाच्या कर्जापोटीं वऱ्हाड, नळदुर्ग व रायचूरचा दुआब हे प्रांत इंग्रजांकडे सोंपविले. टेलर यांची नेमणूक नळदुर्ग जिल्ह्यावर झाली. तुळजापूर, धाराशीव हा सारा मराठी मुलूख. तेथेंहि त्यांनीं रस्ते, पाणी व सारावसुली यांची घडी बसविली. इतक्यांत १८५७ चें साल उगवलें. उत्तरेंत वणवा पेटला. दक्षिणेंत काय होईल याचा नेम नव्हता. हैदराबादच्या रेसिडेंटांनीं टेलर यांस तांतडीनें वऱ्हाडांत जाण्याचा हुकूम दिला. मात्र देण्याजोगी फौज आपल्यापाशीं नाहीं, हेंहि स्पष्ट सांगितलें.

टेलर उत्तर वऱ्हाडचे अधिकारी म्हणून बुलढाण्यास आले. दिमतीस गोरी पलटण नाहीं, उत्तरेच्या सीमेपलीकडे अशांतता, आणि बाजारांत रोज नवी अफवा. अशा वेळीं भाषेचा व ओळखीचा उपयोग काय असतो, तें येथें दिसून आलें. गांवोगांवच्या पाटील-देशमुखांशीं ते स्वतः बोलत. भ्यालेल्यांस धीर देत. बातमी कोठून आली, कशी आली, याची चौकशी करीत. जिल्हा शांत राहिला. शिवाय उत्तरेकडे निघालेल्या जनरल व्हिटलॉक यांच्या सैन्यासाठीं बैल व सामान जमविण्याचें कामहि त्यांनीं याच जिल्ह्यांतून पार पाडलें. म्हणजे वऱ्हाडचे बैल ज्या तोफा ओढूं लागले, त्या आपल्याच देशबांधवांच्या बंडावर चालून जात होत्या. टेलर शेवटीं कंपनी सरकारचें काम करणारेच अधिकारी होते. त्यांचें लोकांवर प्रेम होतें हें खरें, आणि ज्या सत्तेची त्यांनीं सेवा केली ती परकी होती हेंहि खरें. दोन्ही गोष्टी चरित्रकारानें सांगितल्या पाहिजेत.

या दोन गोष्टींचा झगडा त्यांच्याच आयुष्यांत लवकर उभा राहिला. १८५८ च्या आरंभीं शोरापूरचा तरुण राजा व्यंकटप्पा नाईक इंग्रजांविरुद्ध उठला. उठाव मोडला, राजा हैदराबादेस पकडला गेला. टेलर यांस वऱ्हाडांतून शोरापुराकडे पाठविण्यांत आलें. तुरुंगांत ते राजास भेटले. कोणाच्या चिथावणीनें हें केलें, तीं नांवें सांगितलीं तर शिक्षेंत सवलत मिळेल, असें राजास सुचविण्यांत आलें होतें. ज्या गृहस्थानें माफीच्या साक्षीदाराची कहाणी लिहून कीर्ति मिळविली, त्याच्याचसमोर त्यानें मुलाप्रमाणें वाढविलेला हा तरुण उभा होता; आणि त्यानें सोबत्यांचीं नांवें सांगण्यास साफ नकार दिला. मरण पत्करीन, पण विश्वासघात करणार नाहीं, असा त्याचा बाणा होता. राजास आधीं फांशीची शिक्षा झाली. नंतर ती काळ्या पाण्याची करण्यांत आली, आणि शेवटीं गव्हर्नर जनरलनीं ती आणखी कमी करून चार वर्षें कैदेवर आणली. परंतु कैदेच्या जागीं नेत असतां पहिल्याच मुक्कामावर राजा पिस्तुलाची गोळी लागून मरण पावला. संस्थान १८६० मध्यें निजामाच्या राज्यांत विलीन झालें. टेलर यांनीं ही सारी हकीकत आपल्या आत्मचरित्रांत आडपडदा न ठेवतां लिहून ठेविली आहे, आणि सावरकरांनीं १८५७ वरील आपल्या ग्रंथांत तिचाच आधार घेऊन राजाचा गौरव केला आहे. पराभूत झालेल्याची थोरवी जेत्याच्या अधिकाऱ्यानेंच नमूद करावी, हें विरळा घडतें.

१८६० मध्यें टेलर निवृत्त होऊन आयर्लंडांत डब्लिनजवळ राहावयास गेले. आतां त्यांनीं पुन्हां लेखणी हातीं घेतली. ‘टिपू सुलतान’ ही कादंबरी त्यांनीं १८४० मध्येंच लिहिली होती. १८६३ मध्यें ‘तारा’ आली. तिची पार्श्वभूमि तुळजापूर, विजापूर व शिवाजी-अफझलखान प्रसंग ही आहे. मराठींतील पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाणारी गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ ची. म्हणजे शिवकाळ कादंबरींत आणण्याचा टेलर यांचा प्रयत्न तिच्याहि आधींचा आहे. १८६५ मध्यें ‘राल्फ डार्नेल’ व १८७२ मध्यें ‘सीता’ या कादंबऱ्या आल्या. ‘सीता’मध्यें एक इंग्रज अधिकारी हिंदु विधवेशीं विवाह करितो, बंडानंतरच्या कडवट काळांत असें लिहिणें सोपें नव्हतें. चांदबिबीवरील त्यांची कादंबरी त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. मराठी वाङ्मयावरील त्यांचें ऋणहि सांगण्याजोगें आहे. आपले थोर कादंबरीकार हरि नारायण आपटे यांची ‘म्हैसूरचा वाघ’ ही पहिली ऐतिहासिक कादंबरी टेलर यांच्या ‘टिपू सुलतान’वरूनच बेतलेली होती. ‘ठगाच्या जबानी’चेंहि मराठींत भाषांतर झालें आहे.

दृष्टि अधू झाली तरी हिंदुस्थानची ओढ सुटेना. १८७५ मध्यें ते पुन्हां एकदां येथें येऊन गेले, आणि परतीच्या वाटेवर फ्रान्समधील मांतों या गांवीं १३ मे १८७६ रोजीं त्यांनीं देह ठेविला. त्यांचें आत्मचरित्र त्यांच्या कन्येनें पुढच्या वर्षीं प्रसिद्ध केलें.

लेखक गेला, पुस्तक राहिलें, आणि त्याच्याविषयींचा वाद वाढत गेला. स्लीमन यांच्या नातवानें १९३३ मध्यें एक पुस्तक लिहिलें. त्याच्या नांवांतच दहा लक्ष खुनांचा उल्लेख होता. १९५२ मध्यें जॉन मास्टर्स यांची ‘द डिसीव्हर्स’ ही कादंबरी निघाली. तिच्यांत एक इंग्रज अधिकारीच वेष बदलून, हेर बनून ठगांच्या टोळींत शिरतो. १९८८ मध्यें तिचा चित्रपटहि झाला. येथें एक फरक ध्यानीं ठेवण्याजोगा आहे. टेलर यांनीं हिंदी माणसास बोलूं दिलें आणि साहेबास श्रोता केलें. नंतरच्या लेखकानें साहेबास नायक केलें. म्हणूनच पुष्कळ टीकाकार आजहि टेलर यांचें पुस्तक वरचढ मानतात.

परंतु गेल्या साठसत्तर वर्षांत इतिहाससंशोधकांनीं याहून खोल प्रश्न विचारले. ठगांविषयींची आपली बहुतेक माहिती आली कोठून? माफीच्या साक्षीदारांच्या तोंडून. ज्याच्या गळ्याभोंवतीं फांस आहे, आणि अधिकाऱ्यास हवें तें सांगितल्यानें तो सुटणार आहे, त्याची जबानी कितपत खरी मानावी? १९५९ मध्यें हिरालाल गुप्ता यांनीं असें मत मांडलें, कीं राज्यें बुडालीं, फौजा मोडल्या, शिपाई बेकार झाले, आणि त्यांतून ही लुटारूगिरी वाढली. अलीकडे किम वॅग्नर यांनीं २००७ च्या ग्रंथांत जुने दप्तर पुन्हां तपासलें. गळा आवळून लुटणाऱ्या टोळ्या खरोखर होत्या, प्रवासी खरोखर मारले गेले, हें त्यांस मान्य आहे. परंतु साऱ्या देशभर पसरलेला, पिढीजात, देवीच्या नांवानें बांधलेला एक गुप्त पंथ होता, हें चित्र अधिकाऱ्यांच्या प्रश्नांनीं व समजुतींनीं बरेंच फुगलेलें आहे, असें त्यांच्या संशोधनावरून दिसतें. टोळ्यांत हिंदु होते, मुसलमान होते, शेतकरी होते, शिपाई होते. कित्येकांस गांवच्या जमीनदाराचा आश्रयहि असे.

हा केवळ पंडितांचा वाद असता, तर शाळेच्या मासिकांत त्यास जागा देण्याचें कारण नव्हतें. परंतु गुन्हा जन्मानेंच अंगीं येतो, ही ठगांच्या प्रकरणांत रुजलेली कल्पना तेथेंच थांबली नाहीं. १८७१ मध्यें गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, आणि पुढें तो देशभर लागू करण्यांत आला. बेरड, रामोशी, पारधी, भामटे अशा कितीतरी जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. मूल पाळण्यांत आहे तोंच त्याच्यावर शिक्का! मोठ्या माणसांनीं पोलिसांत हजेरी द्यावयाची, परवानगीवांचून गांव सोडावयाचें नाहीं. ज्या शोरापूरच्या राजानें सोबत्यांचीं नांवें सांगण्याऐवजीं मरण पत्करलें, तो बेरडच होता. आणि त्याच्या जातभाईंवर विश्वासघातकी म्हणून पहारा बसला! ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा शिक्का कायद्यानें पुसला गेला, आणि या जमातींस विमुक्त म्हणूं लागले. कायद्यांतून पुसला तरी मनांतून तो पुसला गेला आहे काय? वऱ्हाडांत आजहि एखाद्या गांवीं चोरी झाली, कीं पहिलें बोट पारध्यांच्या पालाकडे वळतें. त्या पालांतलींहि मुलें शाळांतून बांकावर बसतात. त्यांच्या शेजारीं बसणाऱ्या मुलानें घरीं काय ऐकलें आहे व कोणतीं पुस्तकें वाचलीं आहेत, यावर त्यांचें शाळेंतलें सुखदुःख अवलंबून असतें.

मग याचा दोष टेलर यांच्या पुस्तकास द्यावा काय? आमच्या मतें तसें करणें अन्यायाचें होईल. त्यांनीं कोणत्याहि जमातीवर शिक्का मारण्यासाठीं लेखणी उचलली नव्हती. त्यांचा अमीर अली जन्मानें ठग नाहींच. ठगांनीं मारलेल्या आईबापांचें तें पोर होतें, आणि दुसऱ्याच्या हातीं पडल्यामुळें तें तसें घडलें. माणूस जन्मानें नव्हे, संगतीनें व शिकवणीनें घडतो, हें पुस्तकाच्या पहिल्याच भागांत स्पष्ट आहे. वाचकांनीं मात्र तें सोडून दिलें आणि अंगावर कांटा आणणारा भाग तेवढा लक्षांत ठेविला. तथापि टेलर यांस सर्वस्वी मोकळेंहि सोडतां येत नाहीं. तुरुंगांतल्या माणसाची जबानी हीच त्यांनीं सत्याची कसोटी मानली, आणि ती कोणत्या परिस्थितींत घेतली गेली, याचा विचार वाचकापुढें पुरेसा ठेविला नाहीं.

तेव्हां पालकांनीं विचारलेल्या प्रश्नास आमचें उत्तर असें आहे. हेरांच्या व गुन्ह्यांच्या कथा मुलांच्या हातून हिसकावून घेऊं नका. त्या त्यांच्याशेजारीं बसून वाचा. कथा कोण सांगतो आहे, कोणापुढें सांगतो आहे, आणि ती सांगितल्यानें त्याचा कोणता लाभ होणार आहे, हे तीन प्रश्न मुलांना विचारावयास शिकवा. जो विद्यार्थी हे प्रश्न विचारूं लागला, त्यास कोणतेंहि पुस्तक बिघडवूं शकणार नाहीं. आणि शेजारच्या बांकावरील मुलाविषयीं कोणी कांहीं सांगितलें, तर तेथेंहि तो हेच प्रश्न विचारील.

टेलर यांच्या चरित्रांत घेण्यासारखें पुष्कळ आहे. अपुऱ्या शिक्षणावर मात करणारा त्यांचा अभ्यास, परक्या लोकांची भाषा आपलीशी करण्याची हौस, आणि स्वतःच्या बाजूस कमीपणा आणणारी गोष्टहि लिहून ठेवण्याचा प्रामाणिकपणा. परंतु आमच्या मनावर सर्वांत अधिक ठसलें आहे तें त्यांचें ऐकणें. बुलढाण्याच्या कचेरींत, शोरापूरच्या वाड्यांत, हैदराबादच्या तुरुंगांत ते समोरच्या माणसाचें शेवटपर्यंत ऐकून घेत. अमीर अलीचें ऐकून त्यांनीं पुस्तक लिहिलें, तें जगानें डोक्यावर घेतलें. तरुण राजाचें ऐकून त्यांनीं थोडींच पानें लिहिलीं, तीं फार थोड्यांनीं वाचलीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं दोन्हीं वाचावीं. आणि त्या दोघांत खरा विश्वासू कोण निघाला, याचा निवाडा स्वतःच्या बुद्धीनें करावा.